सोन्याचा अणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर मालवणचं. तीन पिढ्या सोनारकाम. बाबांची पेढी बाजारात, आणि मी बाहेर पडले ती रसायनशास्त्र शिकवायला. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की लक्षात आली. पेढीवर बसलेलं गिऱ्हाईक आणि वर्गातलं बारावीचं पोर सोन्याबद्दल जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. हे पिवळं का? जड का? काळं का पडत नाही? आणि उत्तर शोधत गेलं की प्रत्येक वेळी माणूस अणूच्या आतच पोचतो. म्हणून दोघांसाठी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत.

सोन्याच्या अणूत नेमकं काय असतं?

मधोमध केंद्रक. त्यात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन. भोवती ७९ इलेक्ट्रॉन, सहा कवचांत वाटलेले : २, ८, १८, ३२, १८ आणि शेवटच्या कवचात फक्त १. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज १९७, म्हणून अणुवस्तुमान साधारण १९७ (नेमकं १९६.९७). आवर्तसारणीत सोनं सहाव्या आवर्तात, अकराव्या गणात आहे. त्याच उभ्या रांगेत वर तांबं (२९) आणि चांदी (४७). पेढीवरचे तीन धातू सारणीतही एकाखाली एक बसलेत, ते शेवटच्या कवचातल्या त्या एकट्या इलेक्ट्रॉनमुळे. तिघांचीही बाहेरची मांडणी सारखी आहे.

ज्यांना उपकवचांसकट (कवचाच्या आतल्या कप्प्यांसकट) हवं त्यांच्यासाठी : झेनॉनची मांडणी, पुढे ४एफमध्ये १४, ५डीमध्ये १० आणि ६एसमध्ये १. हे '५डी' आणि '६एस' लक्षात ठेवा, रंगाच्या प्रश्नात लागतील.

७९ हा आकडा कोणी आणि कसा मोजला?

हेन्री मोझली नावाच्या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३-१४ मध्ये वेगवेगळ्या मूलद्रव्यांमधून बाहेर पडणारे क्ष-किरण मोजले. ॲल्युमिनियमपासून सुरुवात करून तो सोन्यापर्यंत गेला. त्याला दिसलं की प्रत्येक मूलद्रव्याला एक पूर्णांक चिकटलेला आहे, आणि पुढच्या मूलद्रव्याला तो बरोबर एकाने वाढतो. ॲल्युमिनियमचा १३, सोन्याचा ७९. हा आकडा म्हणजे केंद्रकावरचा विद्युतभार, अर्थात प्रोटॉनची संख्या. मोझली १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला मारला गेला, वयाच्या २७ व्या वर्षी. वर्गात हे सांगताना मी दर वेळी क्षणभर थांबते.

अणू किती लहान? एका गुंजेत किती अणू येतील?

जुन्या हिशोबात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे गुंज साधारण ०.१२ ग्रॅम. आमच्या कुंपणावर गुंजेचा वेल होता. लाल बी, एका टोकाला काळा ठिपका. आजोबांच्या डबीतल्या गुंजा त्याच वेलाच्या. एवढ्या वजनाच्या सोन्यात ३७ वर १९ शून्यं इतके अणू असतात.

हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून असं बघा. सोन्याच्या घट्ट धातूत एका अणूची रुंदी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्याही जेमतेम तीन-दशांश. तरीही गुंजभर सोन्यातले सगळे अणू एका ओळीत चिकटवून मांडले तर ओळ साडेदहा कोटी किलोमीटरहून लांब होईल. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. गुंजभर सोनं दोन-तृतीयांश वाट संपवून पुढे जातं!

आणि अणूच्या आत? तिथे बहुतेक जागा मोकळीच. केंद्रकाच्या वीस हजार पट मोठा अख्खा अणू असतो. पोफळीवर चढलेल्या वेलाची एक काळी मिरी तोडा, पाच मिलिमीटरची. ती केंद्रक मानली तर अणू शंभर मीटर रुंद होईल, म्हणजे बऱ्यापैकी मोठी बागायत. त्या बागायतीच्या वजनातलं ९९.९८ टक्के वजन त्या एका मिरीत.

अणुकेंद्रकाचा शोध सोन्यामुळे लागला हे खरं का?

खरं आहे, आणि सोनारांच्या घरी हे माहीत असायलाच हवं. १९०९ मध्ये मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कणांचा (किरणोत्सारी पदार्थातून सुटणाऱ्या, धनभार असलेल्या वेगवान कणांचा) मारा केला. सोन्याचा वर्ख यात मोलाचा ठरला, कारण सोन्याइतका पातळ दुसरा कुठलाच धातू ठोकता येत नाही. बहुतेक कण सरळ आरपार गेले. हजारोंतून एखादा मात्र उलट फिरून आला. पातळ कागदावर १५ इंची तोफेचा गोळा मारावा आणि तो परत येऊन आपल्यालाच लागावा, असं रदरफोर्ड यांनी पुढे त्याचं वर्णन केलं. अणूतला सगळा धनभार आणि जवळजवळ सगळं वजन मधल्या एका बिंदूएवढ्या जागेत साठलेलं आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९११ मध्ये मांडला.

सोनं पिवळं का? चांदी तर पांढरी!

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

एकटा अणू पिवळा नसतो. कोट्यवधी अणू एकत्र बांधले जाऊन धातू झाला की त्याला झळाळी येते. चांदीवर प्रकाश पडला की आपल्या डोळ्यांना दिसणारे सगळे रंग ती जवळपास सारखेच परत पाठवते, म्हणून पांढरी. सोनं त्यातला निळा-जांभळा भाग गिळतं. निळा वजा झालेल्या प्रकाशात उरतं ते पिवळं.

निळाच का गिळतं? कारण ५डीमधला इलेक्ट्रॉन उडी मारून वर ६एसकडे जायला जेवढी ऊर्जा मागतो, तेवढी निळ्या प्रकाशात असते. चांदीतही अशीच उडी असते. पण ती जास्त उंच, तिला अतिनील किरण लागतात. ते आपल्याला दिसत नाहीत, त्यामुळे त्यातलं काही गिळलं गेलं तरी डोळ्यांना फरक पडत नाही.

मग सोन्यातली उडी ठेंगणी का झाली? इथे आइनस्टाइनची सापेक्षता येते. ७९ प्रोटॉनची ओढ एवढी जबर की सर्वांत आतला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या साधारण ५८ टक्के वेगाने फिरतो, असं गणित सांगतं. म्हणजे सेकंदाला पावणेदोन लाख किलोमीटरच्या आसपास. अशा वेगात तो जणू वीस-बावीस टक्के जड होतो आणि त्याची कक्षा आत आकसते. ६एससुद्धा केंद्रकाजवळून जाऊन येत असल्यामुळे खाली खेचला जातो, तर ५डी थोडा वर सरकतो. दोघांमधलं अंतर कमी होतं. एवढ्यानेच रंग बदलतो. सापेक्षतेचा हा परिणाम नसता तर सोनं चांदीसारखंच पांढुरकं दिसलं असतं, आणि पिवळ्याधमक पुतळीमाळेचा आपल्याला पत्ताही नसता.

सापेक्षता म्हटलं की लोकांना कृष्णविवरं आठवतात. मला आईच्या पाटल्या आठवतात.

वर्खातून बघितलं तर हिरवं का दिसतं?

वर्ख पिवळा-तांबडा प्रकाश परतवतो, निळा-जांभळा बराचसा गिळतो. मधला हिरवट तेवढा आरपार येतो. दिव्यासमोर धरून बघा. एक ग्रॅम सोनं ठोकून चौरस मीटरभर पसरता येतं, आणि तेव्हा त्याची जाडी जेमतेम दोनशे-सव्वादोनशे अणूंच्या थरांइतकी भरते.

समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत सोनं का गंजत नाही?

आमच्याकडे खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत पापुद्रे टाकतात, तांब्याचा बंब हिरवा पडतो, देवाची चांदीची समई काळवंडते. त्याच घरात आजीची नथ साठ वर्षं तशीच.

गंज चढणं म्हणजे धातूने आपले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला, गंधकाला किंवा क्लोरीनला देऊन टाकणं. सोन्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन, तोच ६एस, आत आकसलेला असल्यामुळे केंद्रकाने घट्ट धरून ठेवलेला असतो. तो काढायला ९.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) लागतात. तांब्याला ७.७, चांदीला ७.६. म्हणजे रंग देणारं आणि टिकाऊपणा देणारं कारण एकच. सोनं इलेक्ट्रॉनच्या बाबतीत इतकं धरून ठेवणारं आहे की सीझियमसारख्या उदार धातूकडून तो उलट मागून घेतं. सीझियम ऑराइड नावाच्या संयुगात सोन्यावर चक्क ऋणभार असतो. धातूकडून सहसा अशी अपेक्षा कोणी करत नाही.

मग माझं सोनं काळं का पडलं?

गाबीतवाड्यातल्या एक आजी एकदा पेढीवर आल्या, गळ्यातला डाग काढून बाबांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ह्या सोना काळा कित्याक पडला?" फसवणूक झाली की काय, ही भीती त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती.

सोनं काळं पडलंच नव्हतं. डागातलं तांबं आणि चांदी काळी पडली होती. घाम, मीठ, हवेतला गंधक यांच्याशी त्यांची क्रिया होते. बाबांनी तो डाग बागेसरीत, म्हणजे सोनाराच्या शेगडीत, तापवला. तो आणखी काळा झाला, आजी दचकल्या. मग पातळ केलेल्या तेजाबात, म्हणजे आम्लात, टाकला. काळपट थर विरघळून गेला, पाण्यात खळबळून ब्रशने घासला, आणि लखलखीत पिवळा डाग त्यांच्या तळहातावर ठेवला. तापवल्यावर वर आलेला काळा थर तांब्याच्या ऑक्साइडचा. तेजाबाने तो खाल्ला आणि सोन्याला हात लावला नाही. कसोटीच्या दगडावर कस ओढून त्यावर तेजाब टाकतात तेही याच तत्त्वावर : हिणकस सोन्याची रेघ फिकट होते, चोख सोन्याची टिकते.

घरी तेजाब वापरू नका. रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

सोन्याला काहीच विरघळवू शकत नाही का?

आम्लराज विरघळवतं. एक भाग नायट्रिक आम्ल आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल. दोघांपैकी एकट्याचं काही चालत नाही. नायट्रिक आम्ल अणूपासून इलेक्ट्रॉन ओढतं, आणि सुटलेल्या सोन्याच्या आयनाला (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूला) चार क्लोराइड आयन लगेच वेढून घेतात, त्यामुळे तो परत धातूत जाऊ शकत नाही.

१९४० मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा जॉर्ज द हेवेशी या रसायनशास्त्रज्ञाने माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची सोन्याची नोबेल पदकं आम्लराजात विरघळवून बरणी फळीवर ठेवून दिली. सैनिकांना ती ओळखता आली नाही. युद्ध संपल्यावर त्याच द्रावणातून सोनं परत काढलं आणि नोबेल संस्थेने पदकं पुन्हा घडवून दिली. द्रावणात गेला तरी ७९ प्रोटॉनचा अणू ७९ प्रोटॉनचाच राहतो.

पारा लागला तर अंगठी पांढरी का होते?

प्रयोगशाळेत एकदा तापमापी फुटला आणि एका मुलीने पाऱ्याचे थेंब बोटाने गोळा केले. दोन मिनिटांत अंगठी पांढरी, आणि मुलगी रडवेली. पारा हा सोन्याचा सारणीतला सख्खा शेजारी, अणुक्रमांक ८०. त्याचे अणू सोन्याच्या अणूंमध्ये शिरून मिश्रण तयार होतं. तापवलं की पारा वाफ होऊन निघून जातो, पण ती वाफ विषारी आहे. चुलीवर किंवा गॅसवर हा प्रयोग कधीही करू नका. अंगठी काढून बंद डबीत ठेवा आणि सोनाराला आधी सांगा, मगच द्या.

सोनं एवढं जड का? शिशाचा अणू तर त्याहून जड आहे ना?

हो. शिशाचं अणुवस्तुमान २०७, सोन्याचं १९७. तरी घन सेंटीमीटरभर शिसं ११.३ ग्रॅम भरतं आणि सोनं १९.३ ग्रॅम. कारण शिशाचे अणू ऐसपैस बसतात, सोन्याचे दाटीवाटीने.

खरी मजा चांदीशी तुलना केली की कळते. दोन्हींची अणूंची मांडणी एकाच नमुन्याची, आणि अणूंचा आकारही जवळजवळ एकच, कारण सोन्याच्या बाहेरच्या कक्षा आत ओढल्या गेल्या आहेत. म्हणजे खोका तोच, पण चांदीचा अणू १०८ चा आणि सोन्याचा १९७ चा. घनताही त्याच प्रमाणात, १०.५ आणि १९.३. आकार सारखे असल्यामुळे हे दोन धातू कुठल्याही प्रमाणात एकमेकांत बिनतक्रार मिसळतात.

जाता जाता एक सावधगिरी. टंगस्टनची घनताही १९.३ च्या जवळ आहे. नुसत्या वजनावर विसंबून अनोळखी माणसाकडून बिस्कीट घेऊ नका.

२४ कॅरेटचे दागिने का घडवत नाहीत?

सोन्यात अणूंचे थर एकावर एक रचलेले असतात. पडवीत नारळ रचतात तसे, प्रत्येक अणूला बारा शेजारी. बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे राहत नाहीत, सगळ्या धातूत फिरतात. त्यामुळे हातोडी बसली की थर घसरतात पण बंध तुटत नाहीत. पाठ्यपुस्तकात याला वर्धनीयता आणि तन्यता म्हणतात. ऐरणीवर बसणाऱ्याला ती हाताने कळते. पण याच गुणामुळे चोख सोन्याची बांगडी दारात आपटली की वाकते.

तांब्याचा अणू सोन्यापेक्षा लहान. तो मधे बसला की रांग वाकडी होते, थर घसरताना अडखळतात, धातू कडक होतो. आता हिशोब बघा. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. उरलेलं सगळं तांबं धरलं तर वजनाने ते साडेआठ टक्केही भरत नाही. पण तांब्याचा अणू हलका, त्यामुळे संख्येने मोजले तर दर शंभर अणूंत २२ तांब्याचे निघतात! मुलांकडून मी हे गणित फळ्यावर करून घेते, तेव्हा एकदोघं तरी मान वर करून स्वतःच्या कानातल्या डुलाला हात लावतात.

हॉलमार्कवरचे आकडे वजनाचे असतात : ९१६, ७५० (१८ कॅरेट), ५८५ (१४ कॅरेट). सोबत सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. तो बघूनच घ्या.

जुन्या पाटल्यांतलं सोनं आणि आजचं सोनं यांचे अणू वेगळे असतात का?

नाही. एकाच मूलद्रव्याचे, पण न्यूट्रॉन कमीजास्त असलेले अणू म्हणजे समस्थानिक. निसर्गात सोन्याचा टिकाऊ समस्थानिक एकच, १९७. तांब्याचे दोन, चांदीचे दोन. सोन्याचा प्रत्येक अणू दुसऱ्यासारखाच. 'जुनं सोनं चोख असायचं' असं म्हणतात ते मिसळणीबद्दल. पुष्कळदा जुन्या डागांत डाख (सांधे जोडायचा हिणकस धातू) जास्त असल्यामुळे ते उलट कमी भरतं.

किनाऱ्यावरच्या काळ्या चमकदार रेतीत सोनं असतं का?

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी रेती बहुतांशी इल्मेनाइटची, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. पिवळं चमकतं ते अभ्रक. नखाने चुरगाळलं तर पापुद्रे सुटतात. सोनं चुरगाळत नाही, चपटं होतं.

दुसऱ्या धातूपासून सोनं करता येतं का?

केंद्रक बदललं तर येतं. रसायनांनी, भट्टीने, मंत्राने येत नाही, कारण ही सगळी खटपट बाहेरच्या इलेक्ट्रॉनपाशीच थांबते. 'पितळेचं सोनं करून देतो' म्हणत दारी येणाऱ्याला अंगणातूनच परत पाठवा.

१९४१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात पाऱ्यावर वेगवान न्यूट्रॉनचा मारा करून सोनं मिळवलं, पण ते किरणोत्सारी होतं, टिकणारं नव्हतं. अलीकडे सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेच्या महाकाय यंत्रात शिशाची केंद्रकं एकमेकांच्या अगदी जवळून जाताना त्यांतले तीन प्रोटॉन निसटले. ८२ चे ७९ झाले, म्हणजे सोनं! २०१५ ते २०१८ या काळात अशी ८,६०० कोटी केंद्रकं तयार झाली. सगळ्यांचं मिळून वजन ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाचे २९ भाग, आणि तीही निमिषार्धात फुटून गेली.

मग मुळात हे सोनं आलं कुठून?

सूर्यासारख्या ताऱ्यात सोनं बनत नाही. त्यासाठी केंद्रकावर न्यूट्रॉनचा मुसळधार पाऊस पडावा लागतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षं दूर दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिशय घट्ट गाभे) आदळल्याच्या गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, पृथ्वीवर टिपल्या गेल्या. पाठोपाठ दुर्बिणींनी जो प्रकाश पाहिला त्यात जड मूलद्रव्यं तयार झाल्याच्या खुणा होत्या. अशाच लहरी टिपणारी वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे.

अंगठी झिजते, ते सोनं जातं कुठे?

एक मिलिग्रॅम झिजलं म्हणजे ३ वर १८ शून्यं एवढे अणू निघून गेले. कपड्यांत, भांड्यांच्या पाण्यात, मातीत. पेढीवर झिजलेलं मात्र आम्ही जाऊ देत नाही. केर, राख, मुशीचे तुकडे साठवून ठेवतात आणि झारेकरी ते विकत घेऊन धुतो, गाळतो, सोनं वेगळं करतो. आजोबा तर बैठकीची जुनी चटईसुद्धा झारेकऱ्याला द्यायचे.

आणि समुद्रात? समुद्राच्या पाण्यात सोनं आहे म्हणतात.

आहे. अमोनिया बनवण्याच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेल्या फ्रिट्झ हाबर यांनी १९२० च्या दशकात जर्मनीची युद्धखंडणी फेडण्यासाठी समुद्राचं सोनं काढायचं ठरवलं होतं. जहाजांवरून नमुने आणून तपासले, तेव्हा सोनं आधीच्या समजुतीपेक्षा खूपच कमी निघालं आणि त्यांनी तो नाद सोडला.

खुल्या महासागराच्या पाण्याची पुढे झालेली मोजमापं धरली तर लिटरभर पाण्यात ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाचे दहा ते तीस भाग सोनं असतं. ग्रॅमभर गोळा करायचं तर हजारो कोटी लिटर पाणी गाळावं लागेल. पण अणूंत मोजा : लिटरभर पाण्यात तीन हजार ते नऊ हजार कोटी अणू. सर्नच्या यंत्राने चार वर्षांत जेवढं सोनं केलं, तेवढं दोन-तीन तांबे समुद्राच्या पाण्यात असतं, आणि हे फुटून जात नाही.